एका फेरीला एक प्रकरण

खरं सांगा, फोन तपासणार नाही, जेवणात खोट काढणार नाही आणि खोलीत येण्याआधी विचारेल, एवढी हमी मिळाली तर तुमच्या घरातल्या किती बायका आज संध्याकाळपर्यंत भुताशी लग्न करायला तयार होतील?

माझ्याकडं या प्रश्नाचं उत्तर लहानपणापासून तयार होतं. एकही नाही, कारण भूत नसतं. आमच्या बोर्लीच्या घरात हे उत्तर गठ्ठे बांधून पलंगाखाली ठेवलेलं असायचं. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे, आई मुद्रितं तपासायची आणि मी ती एसटी स्टँडवर वाटायचे. बाकीची मुलं 'कमळ' वाचून अक्षरं शिकली, मी 'निषेध' वाचून शिकले. त्यामुळं दिघीच्या धक्क्यावर बेबीताई भेटेपर्यंत मला जगातलं जवळजवळ सगळं माहीत होतं.

तेव्हा मी मुरुडकडच्या एका कॉलेजात तासिकांवर मराठी शिकवायला जात होते. सकाळी दिघीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं, संध्याकाळी तसंच परत. दिघीला तिकिटाच्या खिडकीला लागून बेबीताईची टपरी होती. लिंबू-सोडा, उकडलेल्या शेंगा, राजगिऱ्याच्या वड्या, आणि मागं एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत भुतं होती.

बेबीताई साठीची, बुटकी, मॅक्सीवर टॉवेल टाकून बसणारी. चष्मा जाळ्याच्या दोरीनं गळ्यात बांधलेला. नवरा बोटीवर खलाशी होता. तो समुद्रात वारल्यावर तिनं बरीच वर्षं लोकांची जाळी दुरुस्त केली आणि नंतर ही टपरी टाकली. तिचा भाचा पनवेलहून टेम्पो घेऊन यायचा, तो तिथल्या रद्दीवाल्याकडून तिला कादंबऱ्या आणून द्यायचा. सगळ्या एकाच जातकुळीच्या. कुठल्यातरी घरात एक भूत राहतं, तिथं एक बाई राहायला येते, आधी भांडणं, मग चहा, मग प्रेम, शेवटी लग्न. 'अमावास्येला जरा लवकर ये', 'हडळ सासरी नांदत नाही' अशी त्यांची नावं. आमच्या विभागप्रमुखांनी ती नावं ऐकली असती तर त्यांनी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर दोन दिवसांचं चर्चासत्र घेतलं असतं, आणि त्या दोन दिवसांत कुणीही काहीही वाचलं नसतं.

नवी कादंबरी आली की बेबीताई पहिल्यांदा तिचं शेवटचं पान वाचायची. शेवट गोड असेल तर कादंबरी ट्रंकेत जायची. कुणी मरत असेल, सोडून जात असेल, समुद्राकडं बघत उभं राहत असेल, तर तिची पानं शेंगांच्या पुड्या बांधायला. त्या वर्षी मी दोन गाजलेल्या, पारितोषिकं मिळवलेल्या कादंबऱ्या शेंगांबरोबर तुकड्या-तुकड्यानं वाचल्या. आमच्या घरात मान्य असलेली सगळी पुस्तकं रडून संपायची, म्हणून मी तिला एकदा विचारलं की दुःखाशी तुझं काय वाकडं आहे. ती म्हणाली, "समुद्राकडं बघत मी बारा दिवस उभी होते, बाय. त्याच्यासाठी पुस्तक कशाला लागतं?"

मी शेंगा संपवल्या आणि पुडीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

पास झालेल्या कादंबरीचं पुढं काय व्हायचं, ते पुस्तकप्रेमींनी वाचू नये. बेबीताई मासे कापायच्या सुरीनं तिची पाठ उभी चिरायची. एकेक प्रकरण सुटं करायची, आणि जाळं शिवायच्या सुईनं, नायलॉनच्या दोऱ्यानं प्रत्येकाची वेगळी चोपडी शिवायची. कारण फेरीबोट पलीकडं जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एक प्रकरण होतं. एका फेरीला एक प्रकरण, असा हिशेब. चोपडी डब्याच्या पिशवीत मावते, आख्खं पुस्तक मावत नाही. मोबाईलवर वाचावं तर खाडीच्या मध्यावर रेंज जाते, आणि घरी गेल्यावर नवऱ्याकडून मोबाईल तपासला जातो. डब्याची पिशवी मात्र आजवर कुठल्याच नवऱ्यानं तपासलेली नाही, कारण ती तपासली तर डबा घासावा लागेल.

सकाळी चोपडी घ्यायची, संध्याकाळी उतरताना परत करायची. दुसरी दुसऱ्या दिवशी. जवळ ठेवायची नाही, मागची राहिली असेल तर पुढची मिळायची नाही. भिजवली तर हातानं उतरवून द्यायची. कोण कुठल्या कादंबरीत कुठवर पोचलंय, हे बेबीताईच्या डोक्यात असायचं. बँकेतल्या मॅडमना ती सगळ्यांसमोर सोडा देत म्हणायची, "तुमी अजून विहिरीवरच हाव." मॅडम मान डोलवायच्या. बाजूच्या लोकांना वाटायचं, पाणीपुरवठ्याचं काहीतरी असेल.

वाचणाऱ्यांत दोन नर्सबाई होत्या, मुरुडच्या बाजारात मासे विकणाऱ्या चौघी-पाचजणी होत्या, त्यातल्या एकीला वाचता येत होतं आणि ती बाकीच्यांना वाचून दाखवायची. उर्दू शाळेतल्या एक शिक्षिका बुरख्याच्या आत चोपडी धरून इतक्या हसायच्या की शेजारचे लोक त्यांना पाणी द्यायचे. भूमापन खात्यातले एक साहेबही वाचायचे, वर्तमानपत्राच्या आत घालून. ते वर्तमानपत्र महिनाभर तेच होतं.

एकदा बेबीताईनं माझ्याकडं बाबांची पत्रकं मागितली. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी दोनशे घेऊन गेले. आठवड्यानं बोटीत पाहिलं तर प्रत्येक चोपडीला नवं कव्हर. बाहेर बाबांच्या ठळक अक्षरांत 'भूत नसते, भीती असते', आणि आत एक समंध हिरॉईनच्या केसांत अबोली माळतोय. मी तणतणत टपरीवर गेले. बेबीताई शांतपणे म्हणाली की कागद चांगला जाड आहे आणि बायकांच्या हातात हे दिसलं तर घरचे काही म्हणत नाहीत. "तुझ्या बाबांचं पत्रक पयल्यांदाच रोज कोणाच्या तरी हातात हाय. त्यांना सांग, बरं वाटंल." मी बाबांना सांगितलं नाही.

मग मात्र मी तिच्याशी नीट वाद घातला. म्हटलं, आम्ही एकीकडं घसा फोडतो आणि तू ट्रंक भरून भुतं वाटतेस. तिनं मला शेंगा दिल्या आणि विचारलं की या बायकांतली कुठली घरी जाऊन भुताला नैवेद्य दाखवते, नाव सांग. मी विषय बदलला. मी विचारलं, मग जिवंत हिरो का चालत नाही? भूतच कशाला?

"मेलेल्याला आई नसते," बेबीताई म्हणाली.

मी हसले नाही, कारण मी वादात होते. ती पुढं म्हणाली की मेलेल्याला आई नसते, बहिणी नसतात, मित्र नसतात, दारू नसते, आणि शंभर वर्षं कोणी त्याच्याशी बोललेलं नसतं, म्हणून तो बाईचं बोलणं ऐकून घेतो. जिवंत माणूस इतकं ऐकतो असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवेल? भुतावर ठेवतात.

ट्रंकेतली सगळ्यांची लाडकी कादंबरी होती 'विहिरीवरचे जयंतराव'. पोस्टातली कारकून वीणा एका जुन्या घरात भाड्यानं राहायला येते. तिथल्या विहिरीत शंभर वर्षांपूर्वी बुडालेले जयंतराव, मांजराला घाबरणारे आणि चहाच्या बाबतीत अतिशय चिकित्सक, तिच्या प्रेमात पडतात. भिंतीतून सहज येता येत असूनही ते दारात उभे राहून विचारतात, "आत येऊ का?" सगळी गोष्ट वीणाच सांगते, 'मी' करून. बोटीतल्या बायका जयंतरावांबद्दल असं बोलायच्या की नवा माणूस विचारायचा, कुठल्या वाडीतले?

आणि या जयंतरावांनीच घोटाळा केला. म्हणजे बेबीताईच्या चोपड्यांच्या कारखान्यानं.

प्रणाली नावाची एक मुलगी रोज आमच्याबरोबर यायची. दिघीच्या कोळीवाड्यातली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एका सकाळी ती कठड्याला टेकून जयंतरावांचं नववं प्रकरण वाचत होती, बाजूनं एक ट्रॉलर गेला, लाट उसळली आणि चोपडी चिंब झाली. नियमाप्रमाणं तिनं ती घरी नेली, एकेक पान सोडवलं आणि फुलस्केप कागदांवर आपल्या सुवाच्य अक्षरांत उतरवून काढलं. छापील पानांचा तोवर लगदा झाला होता, तो तिनं टाकून दिला. हाताचे कागद शिवायचे राहिले होते, म्हणून त्यांना कव्हर नव्हतं, नाव नव्हतं, काहीच नव्हतं. ते तिच्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, गादीखाली सापडले. मोठ्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं प्रणालीच्या वडिलांकडून वाचून घेतले.

'काल ते पुन्हा आले. त्यांच्या अंगाला विहिरीच्या पाण्याचा वास येतो. शंभर वर्षांत मला कुणी बोलावलं नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, मी बोलावते, या.'

आता तुम्ही हसाल. पण मुलीचं अक्षर, मुलीची गादी, सगळं 'मी' करून लिहिलेलं. त्यात मुलगी महिनाभर एकटीच हसते, आणि एका ट्रॉलरवाल्यांच्या घरून आलेलं स्थळ नको म्हणते. घरच्यांनी दोन आणि दोन चार केले आणि भूत मिळालं. माणूस निघाला असता तर हाडं मोडली असती. भूत निघालं म्हणून लिंबावर भागत होतं. प्रणालीनं परोपरीनं सांगितलं की हे पुस्तकातलं आहे, बेबीताईला विचारा. मोठी आई म्हणाली, पुस्तक छापलेलं असतं, हे तर तू लिहिलेलं आहेस. कॉलेज बंद झालं. रविवारी सकाळी भगत येणार, त्यानं भूत उतरवलं की लगेच त्या स्थळाला होकार कळवणार, असं ठरलं. परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

हे सगळं मासे विकणाऱ्या बायकांनी टपरीवर सांगितलं. बेबीताईनं ट्रंकेतून जयंतरावांच्या सगळ्या चोपड्या काढून पिशवीत भरल्या. मी म्हटलं, मी येते, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली की पोलीस येतील, चहा पितील, जातील आणि उद्या पोरीला मामाकडं श्रीवर्धनला पाठवतील, लग्न तिकडं होईल.

रविवारी कोळीवाड्याच्या वाटेवर मला एक कल्पना सुचली. ती मी इथं लिहिते आहे, कारण दुसऱ्यांची लाज काढणाऱ्यानं स्वतःचीही काढावी. मी बेबीताईला म्हटलं, तू अंगात आल्याचं सोंग घे. भूत पोरीतून निघून तुझ्यात आलंय म्हण, आणि भुताच्या तोंडून हुकूम दे की मुलीला कॉलेजला पाठवा, नाहीतर घर बुडवीन. पाच मिनिटांत काम होईल. पलंगाखालच्या सगळ्या गठ्ठ्यांची मुलगी मी, आणि हे मी बोलले.

बेबीताई थांबली. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"खोटं भूत घरात न्यायचं न्हाय. आज मी नेलं तर उद्या दुसरं कोण आणील, ते पोरीला घरात कोंडायला सांगंल. गोष्टीतलं हाय ते गोष्टीत ऱ्हाऊ दे."

अंगणात बोंबील वाळत घातले होते, त्यांच्या सावलीत भगत बसला होता. समोर तांदूळ, लिंबू, कुंकू. प्रणाली भिंतीला टेकून खाली मान घालून. तिचे वडील उभे. मोठी आई मध्ये, सुकटीची टोपली मांडीशी घेऊन. बेबीताईला बघताच ती म्हणाली, "ये बेबे. तुझ्याच ट्रंकेतून आलंय ना हे?"

बेबीताई म्हणाली, हो, माझ्याच. आणि तिनं पिशवी उपडी केली. मोठ्या आईनं चोपड्या मोजायला लावल्या. आठवं होतं, दहावं होतं, नववं नव्हतं.

"बग," मोठी आई म्हणाली. "सगळं छापलेलं हाय, तेवढं नववंच न्हाय. म्हंजे नववं पोरीचं."

मी बोलायला उठले. मला आठवतं, मी 'विवेक' या शब्दापासून सुरुवात करणार होते. बेबीताईनं माझा कुर्ता धरून मला खाली बसवलं आणि मोठ्या आईला म्हणाली की एवढंच असेल तर आठवं, नववं, दहावं एकापाठोपाठ वाचते. जोड लागला तर पुस्तकातलं, नाही लागला तर तुमचं भूत आणि तुमचा भगत, मी मध्ये पडत नाही. मोठ्या आईनं भगताकडं पाहिलं. भगत म्हणाला, वाचू दे, मुहूर्ताला वेळ आहे.

बेबीताई वाचताना निसर्गवर्णन गाळायची. चांदणं, वारा, दूरवरचा कोल्हा, सगळं 'बरं ते असो' म्हणून उलटून टाकायची, आणि संवाद मात्र दोन आवाजांत. आठव्यात जयंतराव मांजराला घाबरून माळ्यावर जाऊन बसले तेव्हा प्रणालीचे वडील फिस्सकन हसले आणि खोकल्यासारखं केलं. नवव्याला तिनं हाताचे कागद घेतले. वीणा चहा करते, जयंतराव दारात उभे राहून विचारतात, ती या म्हणते, दचकून तिच्या हातून किटली पडते आणि किटलीचा कान तुटतो. तिथं बेबीताई चष्मा पुसायला थांबली.

"मग?" भगत म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो तांदूळ निवडायला लागला.

दहावं प्रकरण, छापील. सकाळ होते, घरमालकीण भाडं मागायला येते, चुलीपाशी बघते आणि वीणाला विचारते की ही कान तुटलेली किटली... बेबीताई पुढं वाचणार तोच मोठी आई टोपली बाजूला सारून उठली. "थांब. कान तुटलेली? ती आता मघाशी तुटली ना, पोरीच्या कागदात?" तिनं चोपडी हातात घेतली, जिथं बेबीताईचं बोट होतं तिथं आपलं बोट ठेवलं, आणि प्रणालीच्या वडिलांना पुन्हा वाचायला लावलं. मग हाताचा कागद वाचायला लावला. पुन्हा छापलेलं. मी आजवर अनेक विद्वान संपादकांना दोन पाठ ताडून बघताना पाहिलं आहे. इतकी चोख तपासणी पाहिली नाही.

"जोड हाय," मोठी आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पण ती तशीच उभी राहिली आणि बेबीताईला विचारलं, "तो रोज इचारतो? आत येऊ का म्हणून?"

"रोज. लगीन झाल्यावर पन."

"भिंतीतनं येता येतं, तरी?"

"तरी."

मोठ्या आईनं खाली बसून टोपली पुन्हा मांडीशी ओढली. या घरात ती सोळाव्या वर्षी आली होती, हे मला नंतर कळलं. ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "मला तर अजून कोनी इचारलं न्हाय." प्रणालीचे वडील चपला शोधायला लागले.

त्या दिवशी उतारा झाला नाही. लिंबू बोंबलांच्या तळणावर पिळला गेला आणि भगत जेवून गेला. जाताना मी त्याला आमचं पत्रक दिलं. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं आणि बेबीताईला हळूच विचारलं, अकरावं आहे का. स्थळाचं म्हणाल तर ते मोडलं वगैरे नाही. परीक्षा होऊ दे, मग बघू, एवढंच मोठी आई म्हणाली. माझ्या घरात याला कुणी विजय म्हटलं नसतं. पण सोमवारी प्रणाली बोटीवर होती आणि तिच्या हातात औषधशास्त्राचं पुस्तक होतं, आत अकरावी चोपडी.

माझं मत बदललेलं नाही. भूत नसतं, भगत लुबाडतात, आणि जयंतराव ही एक अत्यंत भाबडी, विनोदी, न घडणारी गोष्ट आहे. फक्त ज्या गोष्टी घडत नाहीत त्यांची यादी एकदा मी जयंतरावांच्या पानांवरून केली: विचारून आत येणं, बोलणं पुरं ऐकणं, रागावल्यावर विहिरीत जाऊन गप्प बसणं. विहीर सोडली तर यातलं काय अद्भुत आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

एप्रिलमध्ये माझ्या तासिका संपल्या आणि मी अलिबागला दुसरं काम धरलं. सामान घेऊन शेवटचं दिघीहून निघाले तेव्हा बेबीताईशी नीट निरोपही झाला नाही. मोठी आई मच्छीच्या रिकाम्या क्रेटवर बसली होती, पाय पसरून, आणि बेबीताई तिला वाचून दाखवत होती. एका गिऱ्हाइकानं सोडा मागितला. बेबीताईनं मान वर न करता बोट उभं केलं: थांब. गिऱ्हाईक थांबलं. मी बोटीतून हात हलवला, तो दोघींपैकी कुणी पाहिला नाही. बोट सुटली. मोठी आई काहीतरी बोलली आणि बेबीताई चोपडी छातीशी धरून गदगदून हसली. काय बोलली, ते इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही.

पावसाळ्यात बेबीताई गेली. प्रणालीनं फोनवर सांगितलं. शोकसभा झाली नाही, वाचनचळवळीचा आधारस्तंभ कोसळल्याचं कुणी म्हटलं नाही. ट्रंक मोठ्या आईनं घरी नेली आहे, आणि प्रणाली ड्युटीवरून आली की तिला वाचून दाखवते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणीतरी असलं काहीतरी वाचत असेल, उशीखाली, डब्याच्या पिशवीत, मोबाईलचा उजेड कमी करून. त्या पुस्तकाचं नाव विचारू नका आणि त्याला साहित्य म्हणावं की नाही यावर मत देऊ नका. आज संध्याकाळी तिच्या दाराशी उभे राहा, आत येऊ का विचारा, आणि ती या म्हणाली तर तिथं बसून गोष्ट कुठवर आली ते तिच्याकडून पुरतं ऐकून घ्या.